सौ. कुशल आहे

४ मार्च

प्रिय मेहुणे यांस,
सप्रेम नमस्कार.

आपले पत्र पोहोचले. आपल्या भगिनीला जाऊन अद्याप पुरता महिना झालेला नाही, आणि ती हयात असल्याप्रमाणे मी मावशींना पत्रे लिहावीत असे आपण सुचवता. आपला हेतू मी जाणतो. आईवडिलांच्या पश्चात ज्या मावशींनी तुम्हा दोघा भावंडांना वाढवले, त्यांचे हृदय आता नाजूक झाले आहे. खुबा मोडल्यापासून त्या खिडकीजवळच्या पलंगाला खिळल्या आहेत. हा धक्का त्यांना सोसणार नाही असे डॉक्टरांचे मत आहे, तेही मी अमान्य करत नाही. परंतु माझी उभी नोकरी वजनमापे खात्यात गेली. खोट्या मापावर मी कधी शिक्का मारला नाही. आता पत्राच्या आरंभी ‘सौ. कुशल आहे’ असे लिहावयाचे, या विचाराने लेखणी उचलवत नाही.

दुसरी अडचण व्यवहारातील आहे. दर महिन्यास ती मावशींकरिता स्वहस्ते केलेली एखादी वस्तू पाठवत असे. तिचा दंडक आपणास ठाऊक आहेच: दुकानाची पायरी चढायची नाही, घरात जे टाकाऊ सापडेल त्यातूनच करायचे. तिच्या कपाटात पाठवण्याजोग्या तयार वस्तू दोनच आहेत. जुन्या पाकिटांच्या कागदाची फुले, आणि बरणीच्या झाकणात बसवलेली टाचण्यांची गादी. त्या संपल्यावर मी काय करावे, हे कृपया कळवावे.

आपला,
भाऊजी


९ मार्च

भाऊजी,
नमस्कार.

दोन वस्तू म्हणजे दोन महिने. तेवढ्यात मी मावशीला तयार करतो. आधी ‘ताईला बरं नाही’, मग ‘जास्तच बरं नाही’, असं पायरी पायरीने. फोनवर तिला ऐकू येत नाही, हे आपल्या पथ्यावरच पडलंय. पत्रं मात्र ती भिंग घेऊन स्वतः वाचते, एक कानामात्रा सोडत नाही, तेव्हा जपून लिहा. ताईचं अक्षर का नाही, हे पहिल्यांदा विचारेल. उजवं मनगट मुरगळलंय म्हणून सांगा.

तुम्हाला निदान घरात रडता तरी येतं. मला रडायचं तर चष्म्याच्या दुकानात. परवा एका आजोबांचे डोळे तपासत होतो आणि माझेच भरून आले. ते म्हणाले, ‘शेठ, आधी स्वतःचा नंबर काढून घ्या.’ घरी आलो की मावशी माझा चेहरा वाचायला टपलेली असते. तिला भिंगही लागत नाही.

एवढं करा. तुमच्या पाया पडतो.

तुमचा,
बाळ्या


१ एप्रिल

तीर्थरूप मावशींच्या चरणी,
नमस्कार.

सौ. कुशल आहे. पाय घसरल्याने तिचे उजवे मनगट मुरगळले असून तूर्त तिला लिहिता येत नाही. म्हणून हे पत्र मी लिहीत आहे. तिने केलेली कागदाची फुले सोबत आहेत. काळजी नसावी.

आपला जावई


१० एप्रिल

जावईबापू,
आशीर्वाद.

फुलं खिडकीत लावली. शेजारीण आली आणि नाक खुपसून वास घेते! म्हटलं, अगं, पोस्टाची पाकिटं आहेत ती, वास आलाच तर डिंकाचा येईल. माझ्या चिमणीचं हे लहानपणापासूनच असं. बाहुलीला डोळे हवेत म्हणून स्वतःच्या फ्रॉकची बटणं तोडायची आणि मग पाठ उघडी टाकून शाळेत जायची.

मनगट शेकता का? नुसतं ‘काळजी नसावी’ लिहून हाडं बरी होत नाहीत. तुमचं पत्र म्हणजे सरकारी नोटीस हो. चार ओळी आणि खाली सही. ती काय खाते, झोपते का, तुमच्यावर चिडते का, काही म्हणून नाही. पुढच्या वेळी डाव्या हाताने का होईना, तिची एक ओळ पाठवा. वेडीवाकडी चालेल.

मी तिच्या मनगटासाठी लोकरीची पट्टी विणायला घेतली आहे. पडल्या पडल्या तेवढंच जमतं.

मावशी


२ जून

प्रिय मेहुणे यांस,
सप्रेम नमस्कार.

टाचण्यांची गादीही रवाना झाली. आता कपाट रिकामे आहे. आपण पायरीपायरीने सांगणार होतात. मावशींच्या पत्रांवरून पाहता आपण अद्याप पहिल्या पायरीवरही पाऊल ठेवलेले दिसत नाही.

त्यांनी विणलेली लोकरीची पट्टी आली आहे. बसली का, असे त्या विचारतात. मी ती माझ्या मनगटावर चढवून पाहिली. मला लहान होते.

अखेर या महिन्याची वस्तू मीच केली. रिकाम्या काडेपेट्या तिने साठवलेल्या होत्या. त्यांचे खणांचे छोटे कपाट करण्याचे योजले. जेवणाच्या टेबलावर पट्टी, गुण्या व टोक केलेली पेन्सिल घेऊन बसलो. खळ शिजवली ती करपली. दुसऱ्यांदा शिजवली तिच्या गुठळ्या झाल्या. तिसरी चिकटली, परंतु कागदाआधी माझ्या बोटांना. तरीही कडा काटकोनात आहेत.

घराबाहेर पडणे मी जवळजवळ सोडले आहे. जिन्यात शेजारच्या बाई भेटतात आणि म्हणतात, ‘काका, वहिनींवाचून घर खायला उठत असेल ना?’ तेथे ती नाही म्हणून सांत्वन स्वीकारावयाचे, आणि दार लावून आत आलो की ती आहे म्हणून काडेपेट्या चिकटवावयाच्या. माणसाने शोक करावा तरी कोठे? मला तर या दोहोंमधला उंबरठाच तेवढा उरला आहे, आणि त्यावर फार वेळ उभे राहता येत नाही.

कृपया मावशींना सांगावे. ही विनंती आहे.

आपला,
भाऊजी


१५ जून

जावईबापू,

कपाट मिळालं. खरं सांगा, हे केलं कोणी? तुरुंगाच्या कचेरीत शोभेल असं आहे. कडा इतक्या सरळ की भाजी चिरता येईल. आणि खण उघडत नाहीत! एकही नाही. बाळ्याने चिमट्याने ओढला तर पुढचा कागदच त्याच्या हातात आला. माझ्या चिमणीचे खण नुसत्या फुंकरीने हलायचे.

आणखी एक. मनगट दुखतं म्हणून ओळ लिहिता येत नाही, मग कात्री कशी चालवते? मी अंथरुणात पडले आहे, माझं डोकं नाही पडलेलं.

पट्टी बसली का ते लिहिलं नाहीत.

मावशी


२३ जून

तीर्थरूप मावशींच्या चरणी,
नमस्कार.

सौ. कुशल आहे. पट्टी व्यवस्थित बसली.

आपली शंका योग्य आहे. कात्री मी चालवतो, सौ. शेजारी बसून सूचना देते. खण न उघडण्याचा दोष सर्वस्वी माझा. खणाच्या बाजूंना थोडी फट ठेवावी लागते हे मला ठाऊक नव्हते. आमच्या खात्यात मापात फट ठेवणे हा अपराध समजला जाई.

काळजी नसावी.

आपला जावई


३ जुलै

जावईबापू,

तुम्ही? तिच्या सूचना ऐकून? पहिल्यांदा आमच्या घरी आलात, तेव्हा पाणी पिण्याआधी माझ्या स्वयंपाकघरातला तराजू हातात घेऊन ‘यात दोष आहे’ म्हणालात. तो माणूस बायकोच्या हाताखाली बसून काडेपेट्या चिकटवतो, आणि हे मी ऐकून घ्यायचं!

बाळ्याला विचारलं, तर म्हणतो, ‘मावशी, औषध घे.’ मी काय विचारते आणि हा काय पाजतो.

डाव्या हाताची ओळ अजून आलेली नाही.

मावशी


४ ऑगस्ट

जावईबापू,

आता आशीर्वाद लिहीत नाही.

बाहुली मिळाली. चिंध्यांची आहे, तिच्याच जुन्या झग्याची, कापड मी ओळखलं. डोळे अगदी मापात. पण तोंड नाही. माझी चिमणी केस विसरेल, पाय विसरेल, तोंड कधी विसरायची नाही. आधी तोंड शिवायची आणि मग म्हणायची, ‘आता ही सांगेल तिला कसे डोळे हवेत ते.’

मी रात्रंदिवस या खिडकीकडे बघत असते. जूनमध्ये खण न उघडणारं कपाट. जुलैमध्ये लिफाफा चारी बाजूंनी चिकटवलेला, आत काही नाही. आता तोंड नसलेली बाहुली. तिला लिहू देत नाहीत, म्हणून ती हे पाठवते आहे. मला कळतं. दुसऱ्या कोणाला नाही कळणार, मला कळतं.

तुम्ही तिला कोंडून ठेवलं आहे.

तुम्ही माणूस वाईट असं मी कधी म्हटलं नाही. कोरडे म्हटलं. पण कोरड्या माणसाच्या हातूनही वाईट होतं. समोरच्या इमारतीत ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर राहतो. त्याच्याशी बोलले. तो मला आडवी घालून तुमच्या दारात आणणार आहे. या महिन्याच्या आत तिच्या हातची वस्तू आली पाहिजे. तिच्याच हातची. तिचा टाका मी अंधारात बोटांनी ओळखते. नाही आली तर मी निघाले. वाटेत मेले तर ते तुमच्या माथी.

मावशी


९ ऑगस्ट

प्रिय मेहुणे यांस,

मावशींच्या पत्राची नक्कल सोबत जोडली आहे. मी माझ्या पत्नीला कोंडून ठेवले आहे, असा त्यांचा आरोप आहे. माझ्यावर उभ्या आयुष्यात कोणी आरोप केला नव्हता. पहिला आला तो असा, आणि तो खोडून काढण्याचा एकही मार्ग आपण मला मोकळा ठेवलेला नाही.

जुलैमधील वस्तू लिफाफा नव्हता. ती पुस्तकात ठेवावयाची खूण होती. बाहुलीविषयी सांगतो. ओठ मी शिवले होते. परंतु लाल दोरा कसाही घातला तरी ते हसूच होई. ते मला पाहवेना, म्हणून उसवले. त्याचा असा अर्थ लागेल हे माझ्या ध्यानी आले नाही.

आता आपणच सांगावे.

भाऊजी


१३ ऑगस्ट

भाऊजी,

मी घाबरून गेलोय. तो ड्रायव्हर खरंच काल घरी येऊन जिन्याची रुंदी बघून गेला, स्ट्रेचर वळेल का म्हणून. मावशी त्याच्याशी असं बोलत होती जणू मुलीला माहेरी आणायला निघालीये. तिची खोलीसुद्धा आवरून घेतलीये माझ्याकडून. मी ताईच्या उशीला अभ्रा घातला, भाऊजी. मावशी बघत होती म्हणून नीट घातला.

मला सांगणं होत नाही. दहा वेळा तोंड उघडलं. ती माझ्याकडे बघते आणि मी म्हणतो, ‘जेवलीस का?’

ताईच्या टोपलीत तिच्या हातचं अर्धवट काहीतरी असेलच. टोपली कधी रिकामी नसायची तिची. ते पाठवून द्या. एवढी एक वेळ निभावली की पुढचं बघू.

बाळ्या


१८ ऑगस्ट

प्रिय मेहुणे यांस,

टोपलीत एक वस्तू आहे. कापडाचा पक्षी. एक पंख शिवून झाला आहे, दुसऱ्याच्या मध्यावर सुई तशीच टोचलेली आहे व सुईत दोरा आहे. तिच्या हातचे या घरात याखेरीज आता काही शिल्लक नाही. बाकीचे सर्व मी एकेक करून टपालाने पाठवून दिले.

आज सकाळी मी तो कागदात गुंडाळला. पत्ता लिहिला. टपाल कचेरीच्या खिडकीपर्यंत नेला. खिडकीतील बाईंनी वजन करण्याकरिता हात पुढे केला, तेव्हा मी ‘क्षमा करा’ म्हणून परत आलो.

हे मजकडून होणार नाही. पुढील व्यवस्था मी पाहतो. आपण चिंता करू नये.

भाऊजी


२० ऑगस्ट

तीर्थरूप मावशी,

या पत्राच्या आरंभी नेहमीचे वाक्य नाही. आपण उशीला टेकून, जवळ पाणी घेऊन मगच पुढे वाचावे, ही विनंती.

आपली चिमणी गेली. फेब्रुवारीत गेली. साधा ताप म्हणून रुग्णालयात नेले. तो साधा नव्हता. तिला फार यातना झाल्या नाहीत. शेवटच्या संध्याकाळी तिने परिचारिकेकडून औषधांच्या रिकाम्या डब्या मागून घेतल्या होत्या. त्यांचे काय करणार होती, हे तिने सांगितले नाही आणि मला सुचले नाही.

हे आपणास कळू नये असे आपल्या भाच्याने व मी मिळून ठरवले. आपल्या प्रकृतीचे भय होते. भाच्याचा हेतू केवळ प्रेमाचा होता. त्यास बोल लावू नये. मनगट मुरगळले नव्हते. कपाट, खूण व बाहुली मी एकट्याने केली. कोणी कोणाला कोंडलेले नाही. त्या वस्तूंमधून कोणी आपणाशी बोलत असेलच, तर तो मी होतो, आणि मलाही ते ठाऊक नव्हते.

तिच्या हातची वस्तू आपण मागितली. एक आहे, परंतु ती द्यावयास माझे मन झाले नाही. ती देऊन खोटे टिकवता आले असते. त्याऐवजी खरे सांगितले. हे आपल्यासाठी केले की माझ्यासाठी, याचा निवाडा मी करू शकलेलो नाही.

आपला,
जावई


७ सप्टेंबर

जावईबापू,

पत्र दुपारी आलं. बाळ्या दुकानात होता, शेजारणीने आणून हातात दिलं. वाचलं. भिंग पुसलं आणि परत वाचलं. वाटलं, आता छातीत कळ येईल. वाट बघितली. आली नाही. डॉक्टरला काही कळत नाही.

मी तुम्हाला काय काय म्हटलं ते मला पाठ आहे. ते मागे घेते. पण माफ करत नाही, हेही लिहून ठेवा. तुम्ही दोघं रडत होतात, आणि मी मेलेल्या पोरीच्या मनगटासाठी टाके मोजत बसले होते. तिच्यासाठी रडायला मला सगळ्यात मागे उभं केलंत. मी तिला अंघोळ घातलेली आहे हो, एवढीशी असताना.

आता ऐका. बाळ्याला कळू द्यायचं नाही.

तो संध्याकाळी येतो तो दाराबाहेर थांबून, चेहरा नीट करून आत येतो. त्याची पावलं थांबलेली मला ऐकू येत नाहीत, पण दाराच्या फटीत सावली दिसते. माझ्यासमोर जेवायला हवं म्हणून जेवतो. माझ्यासमोर हसायला हवं म्हणून हसतो. एवढ्यावरच उभा आहे तो. मला कळलं हे त्याला समजलं, तर त्या क्षणी खाली बसेल, आणि त्याला उचलायला मला उठता येत नाही. मी उठायला लागले की बघू. नाहीतर त्याचा तो सावरला की बघू.

तेव्हा चालू ठेवा. महिन्याला पत्र, महिन्याला वस्तू. ड्रायव्हरला मी सांगते की कंबर दुखते, नंतर जाऊ. आणि भिंगाने डोळे दुखतात असं सांगून पत्र बाळ्याकडूनच वाचून घेईन. मोठ्याने वाचावं लागतं त्याला, माझ्या कानाशी.

मात्र नोटीस नको. फसवलंत ना मला? त्याची भरपाई करा. दर पत्रात तिचं एक काहीतरी खरं लिहा. कधी झालेलं असेल ते असो, पण आज झालं असं लिहा. मला ऐकायचं आहे. आणि त्यालाही तिचं नाव तोंडाने घ्यायला मिळेल.

मावशी

खण उघडले नाहीत तरी चालतील.


१८ सप्टेंबर

तीर्थरूप मावशींच्या चरणी,
नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपण जे सांगता ते मजकडून होईल असे वाटत नाही. सत्य सांगून मी या घरातून एकदाचा बाहेर पडलो अशी माझी समजूत होती. आपण दार पुन्हा ओढून घेतलेत, आणि या खेपेस तर कडी आतून लावण्याचे कामही मजकडेच दिलेत.

आज्ञा आपली आहे. प्रयत्न करतो.

आपला जावई

(हे पत्र वाचून झाल्यावर फाडावे.)


२४ सप्टेंबर

भाऊजी,

काय जादू केलीत? मावशीने ड्रायव्हरला परत पाठवलं. ताईबद्दल उलटतपासणी नाही, तुमच्या नावाने बोटं मोडणं नाही. जरा गप्प असते, जेवण कमी झालंय, पण म्हणते कंबर दुखते. काल माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, ‘दमतोस रे.’ मी घाईने दुकानाच्या गोष्टी सांगत सुटलो.

आता म्हणते डोळे दुखतात, यापुढे पत्र तूच वाच. मला धडकीच भरली. पण चार ओळींची तर तुमची पत्रं. ‘सौ. कुशल आहे, काळजी नसावी’, तेवढं मी न अडखळता वाचेन. तुम्ही फक्त नेहमीसारखंच लिहा.

बाळ्या


१ ऑक्टोबर

तीर्थरूप मावशींच्या चरणी,
नमस्कार.

सौ. कुशल आहे.

आज सकाळी तिने मला हाक मारली. मी वर्तमानपत्रातील एका तक्त्यातील बेरजेची चूक पेन्सिलीने दुरुस्त करत होतो, म्हणून दुसऱ्या हाकेस गेलो. ती म्हणाली, ‘जगाची बेरीज राहू द्या. इकडे या, एक बोट हवंय.’

तिने आपल्यासाठी पुठ्ठ्याची पेटी केली आहे. वरून जुन्या नकाशाचा कागद लावला आहे. समुद्राचा भाग झाकणावर यावा म्हणून तिने तीन वेळा कापला. पेटीभोवती दोरा गुंडाळून तिने पहिली गाठ घातली होती. दुसरी पडेपर्यंत पहिली सैल होऊ नये म्हणून त्या गाठीवर कोणाचे तरी बोट लागते. त्या कामी ती नेहमी मला बोलावते. एरवी माझे हात या कामांत चालत नाहीत, असे तिचे स्पष्ट मत आहे.

मी बोट ठेवले.

‘दाबा. एवढं नाही, पुठ्ठा बसेल. हं. आता हलू नका.’

मी म्हणालो, ‘चिकटपट्टी लावली तर हे बोट लागणार नाही.’

ती म्हणाली, ‘मग तुम्ही कशाला लागाल?’

ती खाली वाकून दोरा ओवत होती, तिचे केस माझ्या मनगटाला लागत होते. तिने दोन्ही टोके धरली आणि ओढू लागली. दोरा बोटाभोवती आवळत येतो, तेव्हा अगदी शेवटच्या क्षणी ती ‘काढा’ म्हणते आणि मी बोट ओढून घेतो. आधी काढले तर गाठ सुटते आणि तिची बोलणी खावी लागतात.

तिने अजून ‘काढा’ म्हटलेले नाही. मी बोट ठेवून उभा आहे.

आपला जावई